गोदावरीच्या सोबतीने सायकल: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी गोदावरीच्या सोबतीने सायकलवर समुद्रापर्यंत जाता येतं, असं ओघात लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी सदरातले बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं छापू नका असं काहींनी सुचवलं, म्हणून सगळ्यांचीच फक्त गावं ठेवली आहेत.

प्रश्न: ताई, आम्ही दोघे मित्र, वयं ५४ आणि ५७. दर रविवारी मुरबाडच्या बाजूला साठ-सत्तर किलोमीटर सायकल चालवतो. त्र्यंबकेश्वरहून निघून गोदावरीच्या काठाकाठाने राजमहेंद्री आणि पुढे समुद्र, असं डोक्यात आहे. महिन्याची रजा मिळेल. नदीची लांबी १४६५ किलोमीटर, रोज शंभर धरले तर पंधरा दिवसांत होईल ना? आणि नकाशात काठाचा रस्ता सारखा तुटतो, तो कुठे शोधायचा? (डोंबिवली)

उत्तर: हिशोबापासून सुरुवात करते, कारण तो बदलावा लागेल. १४६५ किलोमीटर ही पाण्याची लांबी. सायकलचा रस्ता वेगळा पडतो, आणि काठाचा सलग रस्ता सापडत नाही कारण तो नाहीच. तो का नाही, हे कळलं की आखणी आपोआप नीट होते.

भद्राचलमला गोदावरीचं पाणी ४३ फुटांवर आलं की पहिला इशारा देतात. ऑगस्ट १९८६ मध्ये ते ७५.६ फुटांवर गेलं होतं, जुलै २०२२ मध्ये ७१ फुटांच्या वर. इतकी चढणारी-उतरणारी नदी शेजारी रस्ता टिकू देत नाही. मराठवाड्यात काठ काळ्या मातीचे, दर पावसाळ्यात ढासळणारे. त्यात थोड्या थोड्या अंतरावर एखादा ओढा घळ पाडून नदीत उतरलेला. काठाने रस्ता न्यायचा तर प्रत्येक ओढ्यावर पूल बांधावा लागेल. म्हणून गावं उंचवट्यावर वसली, मोठा रस्ता त्याहून लांबून गेला आणि गावातून नदीकडे एक वाट तेवढी सरळ खाली उतरते. ती घाटाशी संपते. पुढे जायचं तर परत वर या.

तेव्हा काठाने जायचं हे डोक्यातून काढा आणि नदीला रोज भेटायचं हे ठरवा. दिवसातून एकदा, जमेल तिथे दोनदा. भिंतीवर मोठा कागदी नकाशा लावा. आधी फक्त घाट, संगम आणि पूल यांवर खुणा करा: त्र्यंबकचं कुशावर्त, नाशिकचा रामकुंड, नांदूर मधमेश्वर, कोपरगाव, पुणतांबा, प्रवरासंगम, पैठण, शहागडचा पूल, गंगाखेड, नांदेड, बासर, धर्मपुरी, कालेश्वरम, भद्राचलम, राजमहेंद्री, अंतर्वेदी. मग लगतच्या दोन खुणांमधलं रस्त्याचं अंतर मोजा. ऐंशीच्या वर गेलं तर मध्ये मुक्कामाचं गाव शोधा. रस्ता सगळ्यात शेवटी निवडा. मोबाइलला आधी रस्ता विचारलात तर तो तुम्हाला हमरस्त्याने सरळ नांदेडला नेऊन सोडेल आणि वाटेत नदी दिसणारही नाही.

एकच तीर धरून बसू नका. ही नर्मदा परिक्रमा नाही, इथे पात्र ओलांडायला बंदी नाही. प्रवाहाच्या दिशेने बघता पैठण डाव्या तीरावर, गंगाखेड उजव्या, नांदेड पुन्हा डाव्या, धर्मपुरी आणि कालेश्वरम उजव्या, भद्राचलम डाव्या. पूल आला की थांबा, कठड्याशी उभं राहून दोन्ही बाजूंचं पात्र बघा, मग पलीकडे जा. मला तर या वाटेवर पुलांवर घालवलेला वेळ सगळ्यात भरीव वाटतो.

अशा वाटेने अंतर साधारण चौदाशे किलोमीटर भरतं. महिन्यातून रेल्वेचे दोन दिवस, विश्रांतीचे चार आणि अडीअडचणीचा एक काढला तर तेवीस उरतात. म्हणजे रोज साठच्या आसपास. तुमच्या रविवारच्या सवयीतलंच अंतर आहे. शंभर धरलेत तर सगळा दिवस खोगिरावर जाईल आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसायला वेळ राहणार नाही. मग नदी कशाला निवडली?

नदीबरोबर खाली जायचं म्हणजे उतारच उतार, असं पुष्कळांनी लिहिलं आहे. त्र्यंबक समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडं वर, नांदेड साडेतीनशेच्या आसपास, भद्राचलम जेमतेम पन्नास. चौदाशे किलोमीटरला सातशे मीटर, म्हणजे किलोमीटरमागे अर्धा मीटर. तो पायांना कळत नाही. पायांना कळतात ते ओढे: प्रत्येक ओढ्याला थोडं खाली, थोडं वर, दिवसभर. आणि वारा. हिवाळ्यात दख्खनवर वारा बहुतेक ईशान्येकडून, पूर्वेकडून येतो, म्हणजे तुमच्या तोंडावर. समुद्राकडून उलटे त्र्यंबकला आलात तर तो पाठीशी राहील. तरी मी प्रवाहाबरोबर जा असंच सांगेन. कुशावर्तात ओंजळीत घेतलेलं पाणी राजमहेंद्रीला किती रुंद होतं, ते टप्प्याटप्प्याने वाढताना बघण्यासाठी थोडा वारा सोसावा. पहाटे तो पडलेला असतो. उजाडता निघा, दुपारी एकपर्यंत मुक्काम गाठा. सकाळचं ऊनही समोरूनच येईल, तेव्हा पुढे छज्जा असलेली टोपी हेल्मेटखाली हवीच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघावं. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरात वादळांचे दिवस, तेव्हा किनाऱ्याला पोचणं टळेल तेवढं बरं. उशीर केलात तर मार्चनंतर रामगुंडम ते भद्राचलम पट्ट्यात ऊन सोसवत नाही. आणखी एक: २०२७ साली नाशिकला सिंहस्थ आणि आंध्रात गोदावरी पुष्कर हा नदीस्नानाचा मेळा, दोन्ही येतात. गुरू सिंह राशीत जाण्यावरच दोन्ही ठरतात, म्हणून वर्ष एक. त्या वर्षी दोन्ही टोकांच्या खोल्या आधी पक्क्या करा.

आता वाटेबद्दल. नाशिक ते पैठण हा भाग द्राक्षांचा आणि मग उसाचा. ऊसतोडणी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागे दिवा बहुधा नसतो. संध्याकाळी साडेपाचनंतर या रस्त्यांवर सायकल नको, इतकं कळकळीने सांगते. नदीकडे जाणाऱ्या गावरस्त्यांवर वाळूचे हायवा (मोठे डंपर) भरधाव येतात. आवाज आला की सायकलवरून उतरून कडेला उभे राहा.

प्रवरासंगमला पुलावरून दिसतं ते नाथसागराचं फुगलेलं पाणी. पैठणचं मातीचं धरण १९७६ साली पूर्ण झालं, दहा किलोमीटर लांबीचं आहे. पैठणला एक दिवस राहाच. नाथांचा वाडा, समाधी, पलीकडे आपेगाव, आणि सातवाहनांची राजधानी होती ते प्रतिष्ठान याच मातीखाली. पैठणच्या खाली पात्र एकदम बारीक होतं, पुढे बंधाऱ्यांमागे पाणी अडलेलं, मग पुन्हा वाळू. शहागडहून गंगाखेडपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे, त्याचे दोन दिवस करा. गंगाखेड जनाबाईंचं गाव. घाट मोठा आहे, संध्याकाळी तिथे गावातली माणसं बसलेली असतात आणि परक्या माणसाला जागा करून देतात.

नांदेड, मुदखेड, उमरी, धर्माबाद, बासर: ही सगळी डाव्या तीराकडची वाट. बासरच्या पुढे पूल ओलांडून निजामाबाद, आर्मूर, जगतियाल. हा तुकडा नदीपासून लांबचा आणि वाहत्या हमरस्त्याचा, तो भराभर उरका. धर्मपुरीला नदी पुन्हा भेटते.

कालेश्वरम मात्र चुकवू नका. इथे प्राणहिता येऊन मिळते. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा, म्हणजे आपल्या विदर्भाचं बहुतेक पाणी या एका संगमावर गोदावरीत उतरतं. नाशिकपासून आपण जिला मोठी नदी म्हणत आलो, ती इथे खरोखर मोठी होते. समोरच्या तीरावर सिरोंचा, पुलावरून गेलात की पुन्हा महाराष्ट्र. मराठी माणसाने इथे मुक्काम करावा, असं मला फार वाटतं.

कालेश्वरम ते भद्राचलम जंगलाचा पट्टा. दुकानं विरळ, माणशी तीन लिटर पाणी जवळ हवं. सकाळी निघण्याआधी गावातल्या पोलीस ठाण्यात जाऊन कुठे चाललो ते सांगा. ते चौकशी करतात, क्वचित रस्ता बदलायला सांगतात. ऐका त्यांचं. भद्राचलमच्या खाली पापीकोंडलूच्या डोंगरांतून नदी खिंडीने जाते, तिथे काठाने रस्ता नाही. चिंतूर, मारेडुमिल्ली, रंपचोडवरम असा वळसा घ्या. सगळ्या प्रवासातला खरा घाट तो एवढाच.

राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमला आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने १८५२ साली बंधारा पुरा केला, आता त्याच्या जागी नवा बंधारा आहे. त्यातून निघालेले कालवे सगळ्या त्रिभुज प्रदेशात पसरले आहेत. तुम्ही शोधत होता तो पाण्याशेजारचा सपाट, सावलीचा रस्ता इथे मिळतो: कालव्याच्या काठाने, नारळीतून, थेट अंतर्वेदीपर्यंत. तिथे वसिष्ठा हा फाटा समुद्राला मिळतो.

प्रश्न: मी ४३ वर्षांची, खासगी शिकवण्या घेते. नाशिक ते नांदेड एकटीने करायचं आहे. घरचे घाबरतात, खरं सांगायचं तर मीही थोडी घाबरते. राहायचं कुठे? एकट्या बाईला लॉज मिळतं का? (घाटकोपर)

उत्तर: जा. या भागातून एकटी गेलेली बाई म्हणून सांगते, रस्त्यावर त्रास झालाच तर तो बहुतेक वाहनांचा असतो. माणसं विचारपूस करतात.

राहण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. तालुक्याच्या गावातले लॉजवाले एकट्या बाईला खोली द्यायला का-कू करतात. कारण विचारलं तर सांगत नाहीत. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा मुक्काम देवस्थानांच्या गावी ठेवा. गोदावरीचं वैशिष्ट्य हेच की तशी गावं दर दिवसाच्या अंतरावर आहेत. कोपरगावच्या जवळ शिर्डीची भक्तनिवासं, पैठणला धर्मशाळा, नांदेडला गुरुद्वाऱ्याची यात्री निवासं. आधारकार्ड मूळ आणि दोन झेरॉक्स जवळ ठेवा. आदल्या दिवशी दुपारी फोन करून "एकटी आहे, सायकलवर आहे, उद्या तीनपर्यंत पोचते" एवढं स्पष्ट सांगा. नाही म्हणाले तर हातात अख्खी संध्याकाळ आहे, दुसरीकडे विचारता येतं. अंधार पडल्यावर खोली शोधायची वेळ येऊ देऊ नका, बाकी सगळं निभावतं.

शौचालयासाठी पेट्रोल पंप, एसटी स्टँड, मोठी मंदिरं. निफाड, कोपरगावच्या पट्ट्यात उभ्या उसात बिबटे राहतात, म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला उसाच्या फडात आडोशाला जाऊ नका. हे बायकांना कुणी सांगत नाही, पण सगळ्यात आधी सांगायला हवं. पाळीचं सामान मुंबईहूनच न्या, सगळीकडे हवं ते मिळेल असं नाही. ११२ नंबर लक्षात असू द्या. घरी रोज दोन ठरलेल्या वेळांना फोन करा. दिवसभर कुणी पडद्यावर तुमचा ठिपका बघत बसलं तर नेटवर्क गेल्यावर त्यांचाच जीव टांगणीला लागतो.

आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर पिऊन मोटारसायकल चालवणारे भेटतात. त्या दिवशी लवकर पोचा. कुठे कोणता वार, ते चहाच्या टपरीवर कळतं.

बायका विचारतील: एकटीच? मालक कुठायत? मुलं कुणाकडे? राग मानू नका, बसा आणि सांगा. गंगाखेडच्या अलीकडे एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पाणी मागायला थांबले होते. बाईंनी वर्गात नेलं आणि मुलांना नकाशावर माझी वाट दाखवायला सांगितली. मी परळच्या शाळेत भूगोल शिकवण्यात नोकरी घालवलेली. या मुलांना नदी बंगालच्या उपसागराला मिळते हे पाठ होतं, रोज ती बघतही होती. नांदेडनंतर ती कोणाच्या गावाला जाते, हे त्यांनी त्या दिवशी मला खोदून खोदून विचारलं. तुम्हीही शिकवता. छोटा घडीचा नकाशा बरोबर असू द्या.

प्रश्न: मी कॉलेजात आहे, १९ वर्षांचा. माझ्याकडे जुनी घेतलेली हायब्रीड सायकल आहे. मित्र म्हणतात लांबच्या प्रवासाला महागडी टूरिंग सायकलच लागते. खरं आहे का? (परळ)

उत्तर: नाही. तुझी फ्रेम धड असेल आणि मापाची असेल तर तीच ने. पैसे खर्च करायचेच तर चाकांवर कर. मागचं चाक एखाद्या जुन्या, हात बसलेल्या कारागिराकडून ताणून, सरळ करून घे. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद टाक, २८ च्या बारीक टायरला गावरस्त्यावर जीव नसतो. पुढची दातेरी चकती लहान असेल असा गिअर हवा, सामान लादल्यावर ओढ्यावरचा चढसुद्धा कळतो.

व्हॉल्वकडे लक्ष दे. तुझ्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व असेल तर तिचा जोड गावात मिळणार नाही. मोटारसायकलला असतो तसा जाड व्हॉल्व असला की कोणत्याही पंक्चरवाल्याकडे, पेट्रोल पंपावर हवा भरता येते. प्रेस्टाच ठेवायचा असेल तर अडॅप्टर दोन घे, एक हरवतो.

काटे दोन तऱ्हेचे. रस्त्याकडेच्या वेड्या बाभळीचे लांब, आणि सराट्याचे बारीक, जे डोळ्याला दिसत नाहीत. पंक्चर काढलं की टायरच्या आतून बोट हळू फिरव आणि काटा सापडेपर्यंत ट्यूब घालू नकोस. ट्यूब तीन, पॅच, टायर लिव्हर, चेनचा जोड, चार स्पोक आणि स्पोक की, एवढं बरोबर हवं. इमारतीच्या गच्चीवर मागचं चाक काढून पंक्चर काढायचा सराव कर. हात आपोआप चालेपर्यंत कर, कारण रस्त्यावर ते उन्हात करायचं आहे.

सामान पाठीवर घेऊ नकोस, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सारखं वजन लाव. दहा-बारा किलोच्या वर नको. खताच्या गोणीत आत प्लास्टिकची पिशवी असते, ती धुऊन कपड्यांना वापर, पावसाची चिंता मिटते. अवकाळी पाऊस झाला तर मात्र मातीच्या वाटेवर उतरूच नकोस. काळी माती टायरला चिकटून मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरायचं थांबतं. डांबरावर राहा, किंवा एक दिवस थांब. ऊन पडलं की ती वाट पुन्हा दगडासारखी होते.

प्रश्न: मुलगी म्युनिकला असते. आम्ही दोघं साठीचे, मेमध्ये तिच्याकडे जाणार. डॅन्यूबच्या काठाने सायकल चालवतात असं ऐकलं. आम्हाला झेपेल? (ठाणे)

उत्तर: झेपेल. गोदावरीबद्दल जे सांगितलं त्याच्या अगदी उलट तिथे आहे, म्हणून तुमचं पत्र मुद्दाम घेतलं. डॅन्यूब २८५० किलोमीटर लांब, पण लोक जो भाग सर्वांत जास्त चालवतात तो जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना, साधारण ३२० किलोमीटर. तिथे काठाने फरसबंद, वाहनांपासून वेगळी वाट आहे, बऱ्याच ठिकाणी दोन्ही तीरांवर. पूर्वी प्रवाहाविरुद्ध नावा ओढायला घोडे काठाने चालवत, त्या घोड्यांच्या वाटांवर आज सायकली चालतात. आमच्या नद्यांवर पावसाळ्यात तसं करता येत नव्हतं आणि उन्हाळ्यात ओढायला पाणी नव्हतं, म्हणून तशा वाटाच पडल्या नाहीत.

म्युनिकहून पासाऊला रेल्वे आहे, प्रादेशिक गाड्यांत तिकीट काढून सायकल नेता येते. भाड्याची सायकल पासाऊलाच घ्या, बॅटरीवाली मिळते. सामान पुढच्या हॉटेलात पोचवणारे असतात. सात दिवस ठेवा, रोज पन्नासच्या आत. मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊचा भाग जागतिक वारशात आहे. तिथे द्राक्षमळ्यांतून नदी वळते, तेवढ्यासाठी दोन दिवस द्या. पूल नसेल तिथे लहान नाव सायकलसकट पलीकडे नेते.

प्रश्न: महिना सोडा, सलग तीन दिवससुद्धा मुश्किलीने मिळतात. मुंबईकराने काय करावं? (गिरगाव)

उत्तर: तीन दिवसांत गोदावरीचा उगम आणि तिचं पहिलं मोठं पाणथळ, दोन्ही होतं. शुक्रवारी सकाळी सीएसएमटीहून तपोवन एक्सप्रेसने नाशिक रोड, तिथून सायकलने त्र्यंबक, मुक्काम. दुसऱ्या दिवशी उतरत नाशिक, रामकुंडावर थोडं थांबून निफाड. तिसऱ्या दिवशी पहाटे नांदूर मधमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळांच्या जागतिक यादीत, गेल्याचं २०२० साली जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. हिवाळ्यात बदकं, करकोचे, चमचे या पक्ष्यांनी पाणी भरलेलं असतं. तिथून परत नाशिक रोड, संध्याकाळी तपोवनच परतताना मिळते.

त्र्यंबकला एक गोष्ट बघून या. त्याच डोंगररांगेत वैतरणा उगम पावते आणि पश्चिमेला उतरते. तिच्यावरच्या धरणांतून मुंबईच्या नळाला पाणी येतं. अरबी समुद्र तिथून ऐंशी किलोमीटरवर, तरी डोंगराच्या पूर्व अंगावर पडलेला थेंब भारत ओलांडून जातो आणि पश्चिम अंगावरचा तुमच्या गिरगावच्या चाळीत येतो. हे त्या कड्यावर उभं राहून मनात आणलं की पुढच्या रजेचा बेत आपणच होतो.

एकच दिवस असेल तर उल्हास. कर्जतला लोकलने जा, नेरळ, बदलापूर करत कल्याणकडे या. भर उन्हात नको, आणि पावसाळ्यात नदी रस्त्यावर येते हे ध्यानात ठेवा.

सरावासाठी आरे, येऊर, पाम बीच रोड ही ठिकाणं पुरेशी आहेत. सी लिंक आणि अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, तिथे सायकल नेण्याचे बेत कुणी करू नयेत.

प्रश्न: सायकल रेल्वेने नेताना नक्की काय करायचं? परत येताना काय? (विक्रोळी, कुर्ला, वसई)

उत्तर: आपल्या तिकिटावर लगेज म्हणून बुक करायची. स्टेशनवर पार्सल ऑफिस असतं, गाडीच्या निदान दोन तास आधी तिथे पोचा. आदल्या दिवशी जाऊन एकदा विचारून ठेवलं तर आणखी बरं. काही गाड्यांच्या ब्रेकव्हॅनमधली, म्हणजे सामानाच्या डब्यातली, जागा ठेकेदाराला दिलेली असते आणि मग ऐन वेळी आपली सायकल घेता येत नाही. पेडल आणि दिवे काढून पिशवीत घ्या, हँडल वळवून बांधा, गिअरच्या बाजूला पुठ्ठा बांधा, टायरमधली हवा थोडी कमी करा. जुन्या चादरीत किंवा गोणपाटात गुंडाळून वर नाव, फोन आणि उतरायचं स्टेशन ठळक लिहा, दोन ठिकाणी. पावती जपून ठेवा, तिच्याशिवाय सायकल मिळत नाही.

उतरायचं स्टेशन असं निवडा की गाडी तिथे दोन-चार मिनिटं तरी थांबते. नाशिक रोडला अडचण येत नाही. मध्येच प्रवास सोडावा लागला तर नांदेड आणि बासर देवगिरी एक्सप्रेसच्या वाटेवर आहेत. स्टेशन लांब असेल तर गावात छोटा हत्ती (लहान टेम्पो) भाड्याने मिळतो, त्यात दोन सायकली आणि दोन माणसं आरामात बसतात. भाडं निघण्याआधी ठरवा.

अंतर्वेदीहून परत राजमहेंद्रीला या. तिथून कोणार्क एक्सप्रेस हैदराबादच्या बाजूने, सोलापूर, पुणे करत थेट सीएसएमटीला आणते. आरक्षण निघण्याआधीच करून ठेवा आणि वर सांगितलेला अडीअडचणीचा दिवस त्या तारखेच्या आधी मोकळा ठेवा. गाडी आल्यावर ब्रेकव्हॅनपाशी उभं राहून सायकल चढलेली डोळ्यांनी बघा, मग आपल्या डब्याकडे जा. दोघं असाल तर एकाने सामान घेऊन आधीच डब्यात चढावं.